चेहरे लंडनमध्ये, नावे मारवाडात

सन १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींची ४६८ छायाचित्रे त्यात चिकटवलेली आहेत आणि प्रत्येकापुढे माहितीचा मजकूर छापलेला आहे. मूळ कल्पना लॉर्ड कॅनिंग यांची. प्रारंभी तो एक खासगी छंद होता. १८५७ चे स्वातंत्र्यसमर झाले आणि त्या छंदाचे सरकारी कामात रूपांतर झाले. ज्या प्रजेने आपल्याला मुळापासून हादरवले, ती प्रजा दिसते कशी आणि तिच्यातील कोण विश्वासाचा, कोण धोक्याचा, याची नोंद राज्यकर्त्यांना हवी होती. म्हणून चित्राशेजारच्या मजकुरात पोशाख, व्यवसाय यांच्या जोडीला स्वभावाचा निवाडाही येतो. अमुक जात लुटारू, तमुक जात कष्टाळू, आणखी कोणी कपटी. शिक्षकाने मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे मारावेत त्या थाटात संपूर्ण समाजांवर शेरे मारलेले आहेत.

या ग्रंथात सिंधचे आणि राजपुतान्याचे, म्हणजे थरच्या वाळवंटाच्या दोन्ही अंगांचे लोक आहेत. चेहरे विलक्षण बोलके आहेत. उन्हाने रापलेली कातडी, भरघोस दाढ्या, पागोट्याचे असंख्य पीळ, दंडापर्यंत चुडे घातलेल्या स्त्रिया. परंतु चित्राखाली पाहावे तर बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नाही. जातीचे नाव आहे, धर्माचे आहे, प्रांताचे आहे. ज्याच्यापुढे यंत्र रोखून धरले होते त्याचे नाव विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर पाटी असते ती प्रजातीची. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनमध्ये होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलाने हा ग्रंथ पाहिला आणि दोघेही अस्वस्थ झाले. आपले देशबांधव इंग्रजांच्या डोळ्यांना कसे दिसतात, हे त्यांना तेथे उघड्यावर पाहावे लागले होते. त्यांच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, ती अस्वस्थता खरी होती. अशा वर्गीकरणाचे पुढचे पाऊल १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या रूपाने पडलेच. जन्माने गुन्हेगार ठरवण्याचा हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

वाळवंटात छायाचित्र काढणे हे त्या काळी सोपे काम नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. १८५१ पासून 'ओल्या कलोडियन'ची पद्धत रूढ झाली होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. थर सुकण्याच्या आत, म्हणजे काही मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत जाऊन ती धुऊन पक्की करायची. मारवाडच्या कोरड्या उष्म्यात थर सुकायला कितीसा वेळ लागणार! शिवाय धुण्यासाठी स्वच्छ पाणी हवे. ज्या मुलुखात स्त्रिया डोक्यावर घडे घेऊन कोस कोस चालतात, तेथे साहेबाच्या काचा धुण्यासाठी पखालींनी पाणी आणले जाई. तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या हे सारे उंटांवर आणि हमालांच्या पाठीवर. त्या हमालांची नावेही अर्थातच कोठे नाहीत. समोर बसलेल्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. जुन्या चित्रांतील माणसे करारी, काहीशी ताठर दिसतात याचे एक कारण हे आहे. त्यावरून त्यांच्या 'स्वभावा'चे निष्कर्ष काढणाऱ्यांना हे कोणी सांगितले नसावे. लहान मूल किंवा उंटाची मान मात्र हटकून हललेली दिसते.

परंतु या काळातील कॅमेरा केवळ गोऱ्यांच्याच हाती होता, असा जो समज आहे तो निखालस चुकीचा आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात आघाडीवर होते. राजपुतान्यात तर खुद्द एका राजानेच हे शास्त्र आत्मसात केले. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे. यांचे निधन १८८० साली झाले. त्यापूर्वीच्या दीड-दोन दशकांत त्यांनी राजवाड्यात 'फोटोखाना' उभा केला, स्वतः काचा तयार केल्या, स्वतः धुतल्या. त्यांच्या संग्रहातील सुमारे दोन हजार काचेच्या निगेटिव्ह जयपूरच्या महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालयात आहेत. दरबारी, पंडित, साधू, पाहुणे, शहरातील रस्ते असा त्यांचा पसारा आहे. महाराजांनी स्वतःचीही चित्रे काढली. त्यांतील एकात ते शिवभक्ताच्या वेषात, पूजेला बसल्यासारखे आहेत. इंग्रज रेसिडेंटच्या शेजारी मेडल लावून बसलेला मांडलिक राजा आपण पुष्कळ पाहिला आहे. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःच असलेला आणि स्वतःला शिवभक्त म्हणून जगासमोर ठेवणारा राजा ही निराळी गोष्ट आहे.

याच रामसिंहांनी जनानखान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे काढली. खुर्चीवर बसलेल्या, पडदा नसलेल्या, थेट भिंगाकडे पाहणाऱ्या त्या स्त्रिया हा त्या काळातील एक आश्चर्यकारक ऐवज आहे. मात्र त्यांतील अनेकींची नावे आज निश्चित सांगता येत नाहीत. तेव्हा नाव न लिहिण्याचा दोष केवळ परकीयांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. राजघराण्यातील राणीचा उल्लेखही तिच्या माहेरच्या कुळावरून, भटियाणी, राठोड, चौहान असा करण्याची रीत होती. सामान्य घरातील स्त्रीची गोष्ट तर बोलायलाच नको.

आता याची दुसरी बाजू पाहा. मारवाड, बिकानेर, जैसलमेर हा सारा प्रदेश नावांच्या बाबतीत कंगाल मुळीच नाही. उलट जगात क्वचित कोठे आढळेल इतकी नावे तेथे लिहून ठेवलेली आहेत. प्रत्येक कुळाचा भाट ठरलेला असतो. तो काही वर्षांनी यजमानाच्या गावी येतो, आपली बही उघडतो, नव्या जन्मांची नोंद करतो आणि मागील पिढ्या वाचून दाखवतो. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला किंवा काशीला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांची सही सापडल्यावर ज्यांचे डोळे पाणावले आहेत, त्यांना या बहीचे मोल समजावून सांगायला नको. राजदरबारांच्या बह्या तर याहून तपशीलवार. जोधपूर दरबाराच्या 'हकीकत बही'त राजाचा दिनक्रम, कोण भेटीस आले, कोणाला काय दिले याची नोंद आहे. 'ब्याव री बही'त लग्नाचा खर्च आणि देणीघेणी आहेत. हे सारे दप्तर आज बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे.

म्हणजे परिस्थिती अशी आहे : लंडनच्या कपाटांत चेहरे आहेत, त्यांना नावे नाहीत, मारवाडच्या बह्यांत नावे आहेत, त्यांना चेहरे नाहीत. दीडशे वर्षे या दोघांची भेट झालेली नाही आणि ती घडवून आणावी असे आपल्या एकाही सरकारला, एकाही विद्यापीठाला मनापासून वाटलेले नाही, हे प्रस्तुत लेखकाचे मुख्य गाऱ्हाणे आहे.

ही भेट अशक्य कोटीतील आहे काय? मुळीच नाही. पुष्कळ चित्रांवर गाव आणि साल आहे. अलवरला पोलिटिकल एजंट असलेल्या युजीन इंपी यांचा दिल्ली, आग्रा आणि राजपुताना यांच्या ऐंशी छायाचित्रांचा ग्रंथ १८६५ साली निघाला. असा अधिकारी कॅमेरा घेऊन एखाद्या दरबारात आला, तर ती त्या दरबाराच्या दृष्टीनेही एक घटनाच होती. साल आणि ठिकाण ठाऊक असेल तर त्या दिवसांची बही काढून पाहता येते. दागिना, पागोट्याचा बांध, अंगरख्याची कळी यांवरून जात, पोटजात आणि परगणा ओळखणारी माणसे त्या भागात अजूनही आहेत. पुस्तकी विद्वानापेक्षा त्यांचा डोळा अधिक खात्रीचा. मात्र त्यासाठी छायाचित्र त्यांच्यापुढे न्यावे लागेल.

या संदर्भात दोन मराठी भावांची आठवण होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चिरंजीव श्रीधरपंत १९०४ ते १९०६ या वर्षांत संस्कृत हस्तलिखितांच्या शोधार्थ राजपुताना आणि मध्य भारतात हिंडले. जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडाराला त्यांनी भेट दिली, त्याचा त्यांचा अहवाल उपलब्ध आहे. धाकटे देवदत्तपंत पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात होते. जोधपूरजवळच्या ओसियाँ येथील मंदिरसमूहावरचा त्यांचा लेख खात्याच्या १९०८-०९ च्या वार्षिक अहवालात सचित्र प्रसिद्ध झाला. ओसियाँची मंदिरे त्या काळी कशी होती, हे आज त्या अहवालांवरूनच कळते. या विभागाचे मुख्यालय तेव्हा पुण्यात होते. मारवाडच्या वाळूत घेतलेल्या चित्रांचे कागदपत्र सांभाळणारी कचेरी एकेकाळी पुण्यात होती, ही गोष्ट पुण्यातील किती जणांना माहीत असेल?

आणखी एक नाव घेतले पाहिजे, ते परदेशी माणसाचे असले तरी. लुइजी पियो तेस्सितोरी. हा इटालियन तरुण १९१४ साली भारतात आला आणि बिकानेरला राहिला. डिंगळ भाषा शिकला, चारण-भाटांच्या काव्याची हस्तलिखिते त्याने गोळा केली, त्यांच्या वर्णनात्मक सूची सिद्ध केल्या. घग्गरच्या कोरड्या पात्राकाठची टेकाडे त्याने पायाखाली घातली, त्यांत कालीबंगाही होते. सरस्वतीच्या लुप्त प्रवाहाशी ज्या पात्राचा संबंध अनेक संशोधक जोडतात, तेच हे पात्र. कालीबंगाचे उत्खनन व्हायला पुढे १९६० साल उजाडले. तेस्सितोरी मात्र २२ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी बिकानेरमध्येच मरण पावला. त्याची समाधी तेथे आहे. साहेबाच्या खुर्चीतून पाहणारा आणि भाषा शिकून, माणसांत बसून पाहणारा यांत किती अंतर असते, ते वॉटसन-के यांचा ग्रंथ आणि तेस्सितोरीचे काम शेजारी ठेवले की कळते. तेव्हा प्रश्न पाहणारा परका की आपला एवढाच नाही.

संस्थानिकांनी कॅमेऱ्याचा उपयोग पुढे फार हुशारीने केला. बिकानेरचे महाराजा गंगासिंह या बाबतीत अग्रेसर होते. १९१९ चा व्हर्सायचा तह, १९२७ साली मरुभूमीत पाणी आणणारा गंग कालवा, त्यांच्या उंटदळाची म्हणजे गंगा रिसाल्याची चीन, सोमालीलँड आणि इजिप्तमधील कामगिरी, या साऱ्यांची छायाचित्रे आहेत. महाराज त्यांत भव्य दिसतात आणि ते भव्य होतेही. पण सुएझच्या वाळूत उंटावर बसलेला जो रिसाल्याचा स्वार चित्रात दिसतो, तो कोणत्या ढाणीचा? संस्थानाचे दप्तर बिकानेरातच आहे. त्याचे नाव शोधायला कोणी दप्तरात बसले, तर ते सापडण्याची आशा निश्चित आहे.

याच गंगासिंहांच्या कारकिर्दीच्या आरंभी, विक्रम संवत १९५६ म्हणजे इ. स. १८९९-१९०० मध्ये, तो भयंकर दुष्काळ पडला. मारवाडात आजही त्याला 'छप्पनिया अकाल' म्हणतात. अन्न, पाणी आणि चारा या तिन्हींचा अभाव असलेला 'त्रिकाल'. त्या काळच्या दुष्काळग्रस्तांची हाडांचे सापळे झालेली जी छायाचित्रे युरोप-अमेरिकेत छापली गेली, ती पाहवत नाहीत. त्यांमुळे मदत मिळाली, हे मान्य. परंतु याच्या वीस-बावीस वर्षे आधी मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने भुकेल्यांना ओळीने मांडून चित्रे घेतली, तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये त्याच्यावर टीका झाली होती. उपाशी माणसाला नाव विचारायला किती वेळ लागतो? ती चित्रे पुस्तकांत पुनःपुन्हा छापताना आपणही हा प्रश्न विचारलेला नाही.

आणि आजचे आपण काय करत आहोत? दिवाळी-नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे राजस्थानला जातात. जुन्या हवेल्यांची हॉटेले झाली आहेत आणि त्यांच्या भिंतींवर जुनी छायाचित्रे शोभेसाठी टांगलेली असतात. अशाच एका हॉटेलच्या जिन्यात प्रस्तुत लेखकाने एका वृद्धाचे सुंदर छायाचित्र पाहिले. हे कोण, असे व्यवस्थापकाला विचारल्यावर तो हसून म्हणाला, "साहब, डेकोरेशन है." परक्याने जातीचे लेबल लावले, आपण तेही काढून टाकले आणि माणसाची शोभेची वस्तू केली. पर्यटन खात्याच्या जाहिरातींतील राजस्थान म्हणजे मिशा, पागोटी आणि उंट. ही चित्रभाषा आपण साहेबाच्या अल्बमातूनच उचलली आहे, याची जाणीवही राहिलेली नाही.

काही चांगले प्रयत्न झाले, त्यांचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी परिश्रमपूर्वक जमवलेला जुन्या छायाचित्रांचा संग्रह दिल्लीत अभ्यासकांना उपलब्ध झाला. कोमल कोठारी यांनी १९६० साली जोधपूरजवळच्या बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढले आणि लंगा-मांगणियार गायकांचे गाणे, त्यांच्या यजमानांचे संबंध यांची नोंद केली, ती त्या त्या गायकाच्या नावानिशी. जैसलमेरच्या ग्रंथभांडारात मुनी पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास पोथ्यांचे सूक्ष्मचित्रण करून घेतले. कॅमेरा आपल्या हिताला कसा जुंपावा, याचा हा वस्तुपाठ होता.

'चित्रे आता इंटरनेटवर आहेत, मग रडता कशाला?' असे काही जण म्हणतील. 'द पीपल ऑफ इंडिया' न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने संगणकावर खुला केला आहे, हे खरे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. आपल्या पूर्वजांचे चेहरे पाहायला आपण कोणाच्या दारात उभे आहोत, ते त्या महिन्यांत उमगले. मूळ प्रती परत मिळवण्याची लढाई लांबची आहे. उत्तम दर्जाच्या संपूर्ण प्रतिकृती मिळवून त्या बिकानेरच्या अभिलेखागारात ठेवणे हे मात्र दोन सरकारांच्या एका करारात होण्यासारखे आहे. तेथून त्या जिल्ह्याजिल्ह्यात, शाळांत, पंचायतींत गेल्या पाहिजेत. एखाद्या समाजाला अपमानास्पद वाटेल असा जुना मजकूर चित्राबरोबर जसाच्या तसा छापू नये. तो इतिहास म्हणून वेगळा द्यावा, ओळख म्हणून नव्हे.

याचा उपयोग केवळ भावनिक नाही. जुन्या चित्रांत माणसांच्या मागे भूमीही आहे. तलाव, टांके, कुंड, खेजडीची झाडे, गावदेवाच्या नावाने राखलेली ओरण. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ साली जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले आणि त्या भूमीचे रूप पालटले. जैसलमेरच्या गडीसर तलावावर ते शहर शतकानुशतके जगले. अनेक ओरणांची महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदच नाही, ती पडीक जमीन ठरते आणि मग तिच्यावर प्रकल्प येतात. राजस्थान सरकारने ओरणांची नोंद करून त्यांना वनाचा दर्जा द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वीचे साल-ठिकाण असलेले एखादे छायाचित्र गावकऱ्यांच्या हाती असणे किती मोलाचे आहे, ते तलाठ्याच्या दारात हेलपाटे घातलेल्या कोणालाही कळेल.

आपापल्या घरातले जुने अल्बमही या निमित्ताने काढावेत. मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, नाव-नाते-गाव-साल लिहावे. शाईचे पेन वापरू नये, ती कागदात उतरते. आत्याबाई आणि काकू हयात आहेत तोवर हे होईल.

थरच्या बाबतीत तर एक फळी सीमेपलीकडे आहे. उमरकोट, छाछरो, मिठी हा थरपारकरचा मुलूख १९४७ साली पाकिस्तानात गेला. जोधपूरहून सिंधमधल्या हैदराबादेस जाणारी रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली. मुनाबाव-खोखरापार मार्गाने २००६ साली सुरू झालेली थार एक्स्प्रेसही ऑगस्ट २०१९ पासून थांबली आहे. १९७१ च्या युद्धात छाछरो आपल्या सैन्याने घेतले, त्या वेळी आणि त्यानंतर तिकडची हिंदू कुटुंबे, सोढा राजपूत, मेघवाळ आणि इतर, मोठ्या संख्येने बाडमेर-जैसलमेरकडे आली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्यांच्या घरात जुनी छायाचित्रे कोठून असणार? त्यांच्या गावांची, कोटांची, विहिरींची चित्रे असलीच तर ती सिंधच्या त्या जुन्या इंग्रजी अल्बमांत आहेत. तेव्हा विशीत असलेली ती माणसे आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. गावाची वेस, विहिरीचा काठ, बसलेल्या माणसाचे घराणे ते अजून ओळखू शकतील. त्यांच्यापर्यंत हे अल्बम न्यायचे असतील, तर ते येत्या पाच-सात वर्षांतच न्यावे लागतील.